कपाटातले कान

गल्लीत त्याला सगळे होबा म्हणायचे. खरं नाव पेन्शनच्या कागदापुरतं उरलं होतं. होबा अशासाठी, की कुणी काहीही विचारलं तरी हा गडी मान डोलावून "हो, हो" म्हणायचा. दारावरच्या विक्रेत्याला हो म्हणून म्हणून घरात पाणी गाळायची दोन यंत्रं येऊन बसली होती. इमारतीच्या सभेत हो म्हटल्यामुळे तो वर्षभर खजिनदार होता, आणि हे त्याला सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. कार्टी मुद्दाम विचारायची, "काका, तुम्ही गाढव आहात का?" काका प्रेमाने म्हणायचे, "हो, हो." हसायचं तर आत्ताच हसून घ्या, पुढे फारसं हसण्यासारखं नाही.

होबा विणकर होता. उभी हयात यंत्रमागाच्या शेडमध्ये गेली. वर पत्रा, खाली फरशी आणि मध्ये ओळीने माग. प्रत्येक मागावर धोटा इकडून तिकडे आपटतोय, खटाखट, खटाखट, पाळी सुरू झाल्यापासून संपेपर्यंत. ज्याने तो आवाज कधी ऐकला नाही त्याला तो सांगून कळायचा नाही. शेजारच्याच्या कानाला तोंड लावून बोंब ठोकली तरी त्याला पत्ता लागायचा नाही. मग विणकरांनी करायचं काय? ते ओठांनी बोलतात. घशातून आवाज काढायचाच नाही, उगाच घसा कशाला फोडायचा! शब्द ओठांवर मोठा करायचा, हाताची जोड द्यायची, की चार माग पलीकडच्या माणसाशी निवांत गप्पा. मूठ वळवून फिरवली म्हणजे "माग चालू आहे ना?" दोन बोटं चिमटीत ओढली म्हणजे "धागा तुटला." मालकाच्या पाठीमागे उभं राहून मालकालाच शिव्या हासडायची तर भारी सोय. अर्धी शेड हसायची, आणि मालकाला वाटायचं, आपली माणसं किती खुशीत आहेत.

त्याच शेडमध्ये टोकाच्या भिंतीशी कांड्या भरायचं काम चालायचं, म्हणजे धोट्यात बसवायच्या नळ्यांवर सूत गुंडाळायचं. तिथे एक मुलगी होती, कामाला चलाख आणि तोंडाला तिखट. होबाने तिला लग्नाचं विचारलं ते भर पाळीत, मध्ये सहा माग ठेवून. तिने ओठांनीच सुनावलं, "आधी धागा जोडा. कापड नासतंय." ह्याने खाली पाहिलं तर खरंच ताण्याचा, म्हणजे उभा, धागा तुटलेला. धागा जोडून वर बघतो तर ती कांडीकडे बघत गालातल्या गालात हसतेय. त्या दोघांचं लग्न ठरलं त्यात आवाज म्हणून कुणाचाच नव्हता.

कान काही एका दिवसात जात नाहीत. आधी पाखरं गेली. मग दाराची कडी, मग मागून मारलेली हाक, मग पोरीचं पाठांतर. होबाला कळलंसुद्धा नाही, आणि घरातल्यांना तर मुळीच नाही. कारण बायको होती. शेडमधली सवय तिने घरात आणलेली. त्याच्याशी बोलायचं म्हणजे समोर जाऊन उभं राहायचं, तोंडावर उजेड घ्यायचा आणि ओठ नीट मोठे करून बोलायचं. कुणी पाहुणा आला की ती त्याच्या मागे उभी राहायची आणि त्याचं बोलणं ओठांवर पुन्हा करून होबाकडे पाठवायची. पाहुण्याला वाटायचं, काय लक्ष देऊन ऐकतो हा माणूस! अशी कितीतरी वर्षं ती त्याचे कान झाली होती. ती नसली की मात्र उरायचं ते "हो, हो."

एकदा ती लेकीबरोबर बाहेर गेली होती आणि खालचा शिंपी वर आला. बिचाऱ्याची आई पहाटे गेली होती. दारात उभं राहून, मान खाली घालून त्याने ते सांगितलं. मान खाली, मग ओठ कुठले दिसायला? होबाला वाटलं, मुलाचं लग्नबिग्न ठरलं असेल. त्याने शिंप्याच्या पाठीवर थाप मारली, तोंडभर हसला आणि म्हणाला, "वा, वा! छान झालं. आम्ही सगळे येणार." शिंपी तसाच जिना उतरून गेला.

संध्याकाळी लेकीला हे कळलं तेव्हा तिने कपाळावर हात मारून घेतला. लेक विम्याच्या कचेरीत नोकरीला होती, बोलायला फटकळ, पण आतून आईबापावर जीव. ती म्हणाली, "बाबा, आता बस झालं. लाज वाटते हो लोकांसमोर. उद्या कान तपासायला जायचं."

होबा पहिल्यांदाच "नाही" म्हणाला. "मला काय झालंय? तुझी आई बोलते ते सगळं कळतं मला."

"आई काय जन्मभर तुमच्या मागे उभी राहणार आहे?"

ह्यावर त्याने बायकोकडे पाहिलं. तिने त्याची चप्पल पुढे आणून ठेवली. झालं, गेला मुकाट्याने.

कान तपासणाऱ्या मॅडम तरुण होत्या आणि शांत होत्या. त्यांनी होबाला काचेच्या एका खोक्यासारख्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबा. होबा बटणावर अंगठा ठेवून कितीतरी वेळ वाट बघत बसला. त्याला वाटलं, अजून सुरूच झालेलं नाही. काचेपलीकडे लेकीचा चेहरा उतरत चालला होता, तो त्याला दिसला.

मग किंमत निघाली. दोन कानांना दोन यंत्रं, आणि दोन्ही मिळून एका नव्या दुचाकीची किंमत. होबा खुर्चीतून उठलाच. "एवढ्याशा शेंगदाण्याला एवढे पैसे? ह्याला चाकं आहेत का?" मॅडम हसल्या. लेकीने स्वस्तातलं विचारलं. मॅडमनी सांगितलं, स्वस्तातलंही मिळतं, पण ते सगळंच मोठं करतं, माणूसही आणि पंखाही. ह्यांच्या कानाला ते त्रास देईल. आणि पैसे काही नुसत्या यंत्राचे नाहीत. ह्यांच्या कानाला बेतून ते लावायचं, मग पुन्हा पुन्हा बोलावून कमीजास्त करायचं, त्या सगळ्याचे आहेत. लेकीने मनात हिशेब केला. तिच्या पगारात हे बसण्यासारखं नव्हतं.

तेव्हा बायको बोलली. शेड बंद पडली तेव्हा तिच्या हातात काही रक्कम आली होती. घराचं छत गळलं तरी तिने ती मोडली नव्हती. ती म्हणाली, "माझे आहेत की पैसे. ह्यांचे कान घ्या."

"अगं, वेड लागलंय का? तुझ्या कष्टाचे पैसे आहेत ते," होबा म्हणाला.

"म्हणूनच," ती म्हणाली.

यंत्रं आली. मॅडमनी ती कानात बसवली आणि एक गोष्ट फार समजावून सांगितली. त्या म्हणाल्या, "काका, हे चष्म्यासारखं नाही. चष्मा घातला की लगेच दिसतं. कानांचं तसं नसतं. ऐकायचं कसं हे तुमचा मेंदू विसरून गेलाय, त्याला ते परत शिकवायचंय. म्हणून ही सकाळी उठल्यावर घालायची ती झोपताना काढायची. घरात कुणी नसलं तरी. सुरुवातीला नकोसं होईल, डोकं उठेल, पण काढायची नाहीत. कळलं?" बोलता बोलता त्या खाली वाकून डबीत काहीतरी भरत होत्या. होबाला त्यातलं जेमतेम अर्धं दिसलं.

आणि तो म्हणाला, "हो, हो."

घरी आल्यावर पहिल्या दिवशी त्याने यंत्रं घातली. वर्तमानपत्राचं पान उलटलं तर कुणीतरी पत्रा फाडल्यासारखा आवाज. नळ सोडला तर डोक्यात पाणी. ताटात चमचा पडला तेव्हा तर तो जागचा उडाला. आणि माणसांचं बोलणं? ते होतं, पण नुसताच गलबला, शब्द असा वेगळा निघेचना. दुपारपर्यंत त्याचं डोकं भणभणलं. त्याने यंत्रं काढली, मऊ कापडाने पुसली, डबीत ठेवली आणि डबी कपाटात वरच्या खणात, घरातल्या चार चांगल्या वस्तू होत्या त्यांच्या शेजारी.

आता आळस म्हणून ठेवली असती तर एक वेळ शिव्या देता आल्या असत्या. पण तसं नव्हतं हो! महागाची वस्तू रोज वापरून झिजवायची नसते, हे त्या माणसाच्या हाडात भिनलेलं. त्यातून बायकोच्या घामाचे पैसे. तिने कांड्या भरून भरून बोटं कापून घेतली, त्यातून आलेली वस्तू भांडी घासताना आणि न्हाणीघरात वापरायची? तिला पाणी लागलं तर? हरवली तर? ती काढायची कुणाकडे समारंभ असला की, बँकेत जाताना, डॉक्टरकडे जाताना. काम झालं की पुसून परत डबीत. आपण फार शहाणपणाने वागतोय असंच त्याला वाटत होतं. आणि घरात तर त्यांची गरजच काय? घरात बायको होती.

बायको म्हणायची, "घाला की हो घरात. कपाट ऐकतंय का तुमचं?"

"तुझं बोलणं मला दिसतं की. शिंप्याचं दिसत नाही, त्याच्यासाठी आहेत ती."

ती हसायची आणि सोडून द्यायची. एकदा मात्र तिने सोडलं नाही. चहा पिऊन झाला होता, दोघंच होते. ती समोर बसून ओठांनी म्हणाली, "तोंड दुखतं हो माझं आता. सगळा जन्म तोंड वासून बोलत आले. मला एकदा पडल्या पडल्या बोलायचंय. डोळे मिटून. अंधारात आपण कधी एक शब्द तरी बोललोय का? दिवा गेला की आपलं बोलणंच बंद." होबाने ऐकलं, म्हणजे पाहिलं. त्याला वाईटही वाटलं. तो म्हणाला, "घालीन, घालीन. पुढच्या महिन्यापासून रोज घालीन." आणि मग ते राहूनच गेलं. असल्या गोष्टी राहूनच जातात.

एका सकाळी कपडे वाळत घालता घालता बायको गॅलरीत कोसळली. इस्पितळातून घरी आणली तेव्हा उजवा हात लुळा पडलेला होता आणि तोंड एका बाजूला ओढलेलं होतं. डॉक्टरांनी लेकीला सांगितलं, जिवावरचं टळलं, डोकं शाबूत आहे, बोलणं जड आहे पण बोलतील. आणि ती बोलत होती. लेकीला दोन-चार दिवसांत तिचं जड बोलणं बरोबर कळायला लागलं. शेजारणीलाही कळायचं. आवाज होता ना! एकाच माणसाला तिचा एक शब्द कळत नव्हता.

कारण ओठ गेले होते. ज्या ओठांवर तो इतकी वर्षं सगळं जग वाचत आला, ते ओठ आता वाकडेच हलायचे. तो तोंडाजवळ तोंड नेऊन बघायचा, डोळे फाडून बघायचा. ती काहीतरी सांगायची, पुन्हा सांगायची, मग दमून मान फिरवायची. पहिल्या दिवशी ती पाणी मागत होती आणि होबाने तिची उशी बदलली, पांघरूण बदललं, खिडकी उघडली आणि शेवटी तिच्या पायाशी बसून ओक्साबोक्शी रडला. लेकीने येऊन पाणी पाजलं.

मग त्याला कपाट आठवलं. धावतच गेला. यंत्रं कानात घातली आणि तिच्या उशाशी बसून म्हणाला, "बोल. आता बोल."

ती बोलली. त्याला पंखा ऐकू आला. खालची गाडी ऐकू आली. आणि ह्या सगळ्याच्या मागे बादलीत तोंड घालून कुणी बोलावं तसं काहीतरी. तो तिचा आवाज होता. इतक्या वर्षांनी तो त्याच्या कानात शिरला, आणि त्यातलं अक्षरही त्याला लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो एकटाच मॅडमकडे गेला. त्यांनी यंत्रं आपल्या संगणकाला जोडली. दिवसातून किती वेळ कानात होती ते त्या यंत्रातच दिसतं, हे होबाला ठाऊक नव्हतं. मॅडम पडद्याकडे बघत राहिल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या रागावल्या नाहीत. समोर खुर्ची ओढून, त्याला ओठ दिसतील अशा बसल्या आणि सावकाश म्हणाल्या, "काका, ही घातलीच नाहीत ना तुम्ही?"

"जपून ठेवली होती," होबा म्हणाला. "महागाची होती म्हणून."

मॅडमनी यंत्रांत करता येईल तेवढा बदल करून दिला. म्हणाल्या, "आता रोज घाला. पण काही महिने जातील. आणि काकूंचं बोलणं जड झालंय, ते कळणं आणखी अवघड."

होबाने पेन्शनचं पासबुक टेबलावर ठेवलं. "ह्याच्यापेक्षा भारी द्या. दुप्पट किमतीचं द्या. दागिना मोडतो, घर गहाण टाकतो. पण ह्या आठवड्यात ऐकू आलं पाहिजे."

"यंत्र हेच चांगलं आहे हो काका," मॅडम म्हणाल्या. "दुसरं कुठलंही घेतलं तरी वेळ तेवढाच लागणार."

ज्या माणसाने किंमत ऐकून यंत्राला चाकं आहेत का म्हणून विचारलं होतं, तो हातात पासबुक धरून रस्त्याने रडत घरी आला. लोक बघत होते, त्याला त्याचं काही वाटलं नाही.

त्या दिवसापासून झोपेखेरीज यंत्रं कानातून निघाली नाहीत. डोकं ठणकलं तरी नाही. तो रेडिओला कान लावून बसायचा. लेकीला पाठमोरी बसवायचा आणि एकेक शब्द म्हणायला लावायचा. कचेरीतून दमून आलेली लेक कांदा, कपाट, सकाळ, शाळा असं म्हणत राहायची आणि तो दहातला एखादा ओळखायचा. बायको खाटेवरून हे सगळं बघत होती. तिच्या अर्ध्या चेहऱ्यावर केवढा आनंद! तिला "पाणी" म्हणायचं असलं की तो शब्द त्याला आता लागायचा. "बस" लागायचा. बाकी अजून सगळा गलबलाच.

आणि मग ती दुपार आली. लेक कामावर गेलेली, घरात दोघंच. बायकोने डाव्या हाताने त्याला जवळ बोलावलं. त्याच्या कानावर, यंत्रावर, बोट ठेवलं. मग मूठ वळवून हळूच फिरवली. शेडमधली जुनी खूण. माग चालू आहे ना?

म्हणजे ती विचारत होती, ऐकू येतंय ना आता?

होबाला "नाही" म्हणायचं होतं. देवाशपथ म्हणायचं होतं. "अजून थोडं थांब, मी शिकतोय, अजून थोडंच" असं सांगायचं होतं. पण तिचे डोळे असे काही लागले होते त्याच्या तोंडाकडे, की त्याची मान आपोआप हलली. "हो," तो म्हणाला. "हो, हो."

तिने एक मोठा श्वास घेतला. मान उशीवर नीट टेकली, डोळे मिटले आणि बोलायला लागली.

डोळे मिटूनच बोलत होती ती. घाई नाही, समोर येऊन उभं राहणं नाही, तोंड मोठं करणं नाही. बोलतेय, थांबतेय, पुन्हा बोलतेय. होबा तिच्या तोंडाशी कान नेऊन बसला होता. जिवाचा कान केला होता त्याने. एकदा त्याला वाटलं, "शेड" म्हणाली. एकदा लेकीचं लाडाचं नाव आल्यासारखं वाटलं. त्यानंतर काहीच हाताला लागलं नाही. मध्येच ती हसली, तेव्हा तोही हसला. मध्येच तिच्या बंद डोळ्यांतून पाणी आलं, ते त्याने पुसलं. काय आठवून रडली? त्याच्यावर राग होता का काही मनात? कधी बोलली नव्हती असं काही होतं का? एकदा तिने डोळा किंचित उघडून पाहिलं, खरंच ऐकतायत ना म्हणून, आणि त्याने मान हलवली. उन्हं खिडकीतून भिंतीवर गेली तरी ती बोलत होती. शेवटी तिने त्याचा हात दाबला आणि तिला झोप लागली. होबा तसाच बसून राहिला.

संध्याकाळी लेक आली. आईशी बोलून बाहेर आली ती डोळे पुसतच. त्याच्या समोर उभी राहून म्हणाली, "आई म्हणते, सगळं सांगून झालं. मन मोकळं झालं म्हणते. कितीतरी दिवसांत तिला इतकं खूश बघितलं नव्हतं. काय बोलली हो एवढं?"

होबा म्हणाला, "ते आमचं आमच्यात."

पुढच्याच आठवड्यात बायको गेली. झटका दुसऱ्यांदा आला आणि इस्पितळात न्यायलाही वेळ मिळाला नाही.

लोक आले, बसले, गेले. होबाने यंत्रं घालायची सोडली नाहीत. का घालत होता कोण जाणे. आता कुणाचं ऐकायचं होतं त्याला? पण सकाळी उठला की पहिल्यांदा हात त्या डबीकडे जायचा. आणि मॅडम म्हणाल्या होत्या अगदी तसंच झालं. गलबल्यातून हळूहळू शब्द सुटे व्हायला लागले. एक दिवस खालून शिंप्याने मारलेली हाक त्याला वर बसून कळली. एक दिवस बातम्या कळल्या, निवेदिकेकडे पाठ होती तरी. पाऊण वर्ष सरलं असेल, मॅडमनी त्याला तपासायला बोलावलं. तोंडासमोर कागद धरून त्या एकेक शब्द म्हणत गेल्या आणि होबा तो परत म्हणत गेला. एकही चुकला नाही.

"काका! कमाल केलीत तुम्ही!" मॅडम खुर्चीतून उठल्या.

होबाने विचारलं, "मॅडम, समोरच्याची जीभ जड असती, तरी आता कळलं असतं का मला?"

मॅडमना तो कुणाबद्दल विचारतोय ते कळलं. त्यांनी खोटं सांगितलं नाही. "बरंचसं कळलं असतं, काका."

तो घरी आला. लेक ओट्याशी पाठमोरी उभी राहून भाजी चिरत होती. न वळताच तिने विचारलं, "काय म्हणाल्या मॅडम?" आणि त्याला ते कळलं, पाठमोरं, सहज. पूर्वी ह्या घरात असं कुणी बोलूच शकत नव्हतं.

"सगळं ऐकू येतं म्हणाल्या."

"बघा! आई असती तर नाचली असती." सुरी क्षणभर थांबली. "पण तिचं तेवढं बोलणं तरी ऐकलंत तुम्ही त्या दुपारी. मला त्याचंच बरं वाटतं, बाबा. नाहीतर तिचे पैसे फुकट गेले असते."

आता इथे गप्प बसला असता तर निभावून गेलं असतं. पोरीला कधी कळलं नसतं. पण होबाला ते गिळवेना. तो दाराच्या चौकटीला धरून म्हणाला, "मला एक शब्द कळला नाही त्या दिवशी. मी नुसता हो म्हणत होतो."

सुरी ओट्यावर पडली. लेक वळली. "काय?"

"ती विचारत होती ऐकू येतंय का. मी हो म्हणालो. नाही म्हणवलं नाही गं मला."

"मग मला फोन का नाही लावलात? शेजारणीला हाक का नाही मारलीत?" लेक आता ओरडत होती. "मी आले असते, बाबा! टाकून आले असते सगळं! मी तुम्हाला एकेक शब्द सांगितला असता. ती मला काहीच बोलली नाही. म्हणाली, जे होतं ते ह्यांना सांगितलंय, तू त्यांना विचार. मी आजपर्यंत विचारलं नाही, म्हटलं, सांगतील त्यांच्या मनाने. मला वाटत होतं, तुमच्याजवळ आहे ते सगळं!"

तिने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं आणि खाली बसली. हातांच्या आड ती रडत रडत बोलत होती. ओठ दिसत नव्हते, आवाज कोंदलेला होता, शब्द हुंदक्यांत तुटत होते.

"काय बोलली असेल हो ती? बाबा, काय बोलली असेल?"

होबाला सगळं नीट ऐकू येत होतं.